ताकाला येऊन भांडं लपवणारे

आमच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. पहिलं सरळ काउंटरपाशी येतं, अर्धा लिटर ताक मागतं आणि पिशवी घेऊन जातं. दुसरं आधी आजूबाजूला बघतं. दुकानात बाई असेल तर पुरुष थांबतो, पुरुष असेल तर बाई थांबते. सगळे गेले की ते पुढे वाकतं आणि पनीरचा भाव विचारतं. मग दह्याचा विचारतं. मग आवाज खाली आणून म्हणतं, "काका, ताकाने म्हणे बरं पडतं ना?" कशाला बरं पडतं ते सांगत नाही आणि मीही विचारत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये असं आपल्याकडे म्हणतात. भांडं लपवणाऱ्यांना ताक विकण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं.

मी मुळात हिशेबनीस. वाढलो कल्याणजवळच्या मोहन्याला, नोकरी ठाण्यात एका छोट्या कंपनीत. ती कंपनी गुंडाळली गेली तेव्हा मी घरी बसलो आणि बायको उठली. शैलाचं माहेर आंबिवलीच्या पुढचं, म्हशींचं घर. तिने आमच्या डोंबिवलीच्या तळमजल्यावरच्या घरात दही लावून ताक विकायला सुरुवात केली. पुढच्या खोलीचं दुकान झालं, मागे आम्ही राहायला लागलो आणि मी बायकोकडे कामाला लागलो. ती ताक करते, मी ताकाबद्दल बोलतो. गिऱ्हाइकांना ताकवाले काका माहीत आहेत. ताकवाल्या काकू आत घुसळत असतात.

दह्यात पाणी घातलं की ताक झालं असा बऱ्याच लोकांचा समज आहे, म्हणून धंद्याचं थोडं सांगतो. दूध तापवून कोमट करायचं, विरजण लावायचं आणि पातेल्याला हात लावायचा नाही. दही लागलं की घुसळायचं, वर आलेलं लोणी काढून घ्यायचं, खाली राहतं ते ताक. त्यात मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. आलं, मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर साखर घातली की त्याचा मठ्ठा होतो. लस्सी म्हणजे गोड केलेलं दही, ती पोटापेक्षा झोपेसाठी जास्त उपयोगी. थंडीत दही लागत नाही म्हणून पातेलं गोधडीत गुंडाळावं लागतं. मे महिन्यात ते आमच्या आधी रागावतं आणि दुपारपर्यंत आंबून बसतं.

आता पोटाचं. ताक हलकं असतं, त्यानिमित्ताने पाणी पोटात जातं, आणि आंबवलेलं असल्यामुळे ते पुष्कळांना मानवतं. जेवणानंतर घेतलं तर जडपणा कमी वाटतो. रोज नेमाने घेतलं तर काहींचं पोट साफ राहतं. यातला 'काहींचं' हा शब्द मी पूर्वी उच्चारत नसे.

एकदा एका बाईंनी मला विचारलं, "काका, काल तुम्ही आमच्या ह्यांना जुलाबावर ताक दिलंत. आज मला बरोबर उलट तक्रारीवर ताकच देताय. एक काय ते ठरवा."

मी म्हटलं, "ते ताक ठरवतं, ताई."

त्या हसून गेल्या. आपण फार खोल काहीतरी बोललो असं मला संध्याकाळपर्यंत वाटत होतं. शैलाला सांगितलं तर ती म्हणाली, "आता ताकालाच गल्ल्यावर बसवू या का?"

माझ्या आत्मविश्वासाला एकदाच जाहीर तडा गेला, तो टेंभी नाक्यावर. गोविंदाच्या दिवशी एका मंडळाने पोरांसाठी मठ्ठा मागवला होता. वरून ऊन, खाली खड्डे, आणि झाकणं घट्ट लावायची ही माझी शिस्त. ठाण्यात टेम्पो थांबवून मी मोठ्या ऐटीत पहिल्या कॅनचं झाकण फिरवलं आणि आतला मठ्ठा उसळून थेट माझ्या तोंडावर आला. कोथिंबीर कानात गेली. मंडळाची पोरं म्हणाली, "काका, हंडी वर आहे, तुम्ही खालीच फोडली." उरलेला मठ्ठा त्यांनी आवडीने प्यायला. मी मात्र डोंबिवलीपर्यंत आंबट वास घेऊन आलो आणि टेम्पोवाल्याने सगळ्या काचा उघड्या ठेवल्या.

पण मला खरं सांगायचंय ते टिपणीसकाकांबद्दल.

टिपणीसकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बायको वारलेली. आमच्या मागच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर मुलगा मिलिंद, सून रश्मी आणि कॉलेजात जाणारी नात ईशा यांच्याबरोबर राहायचे. उंच, सडपातळ, कायम इस्त्रीचा शर्ट. अतिशय सभ्य माणूस. दुकानात गर्दी असली की बाहेर पायरीखाली उभे राहायचे, नंबर आला तरी दुसऱ्याला पुढे करायचे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी पनीरचा, दह्याचा, तुपाचा आणि श्रीखंडाचा, असे चारही भाव विचारले. मला अंदाज आला की प्रकरण जुनं आहे.

मी त्यांना ताक सुरू केलं. सकाळी रिकाम्या पोटी, जिरं घालून. आठवड्याने विचारलं, "फरक?"

"थोडा वाटतोय," ते म्हणाले.

मग ओवा घालून दिलं. मग जेवणानंतर पातळ ताक, त्यात हिंग. मग आल्याचा मठ्ठा. मग भिजवलेल्या मनुका आणि वरून ताक. प्रत्येक वेळी मी विचारायचो आणि प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "थोडा वाटतोय." मी इतका खूश झालो की थोडं थोडं मिळून आतापर्यंत किती झालं असेल याचा मनात हिशेब करायला लागलो. दुसऱ्या गिऱ्हाइकांना नाव न घेता सांगायचो, "एक जुनी केस हातात आहे, येतेय लाइनीवर." शैला आतून ऐकायची. एकदा म्हणाली, "त्यांचा चेहरा बघितलात का? माणूस तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून फरक वाटतोय म्हणतो."

मी म्हटलं, "तुला केस कळत नाही."

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी टिपणीसकाका दुकानात आले ते काउंटर धरूनच उभे राहिले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, ओठ कोरडे, एक हात पोटावर. मी स्टूल पुढे केलं. ते बसले आणि म्हणाले, "सावंत, आज जरा जास्त होतंय. मळमळतंय."

माझा हात सवयीने ग्लासकडे गेला. ताक ओतणार तेवढ्यात शैला बाहेर आली. तिने ग्लास माझ्या हातातून काढून घेतला आणि खाली ठेवला.

"पोट दगडासारखं झालंय त्यांचं," ती म्हणाली. "रिक्षा बोलवा. दुकान मी बघते."

जवळच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी काकांना टेबलावर झोपवलं, पोट दाबून पाहिलं आणि प्रश्न विचारायला लागल्या. माझ्या मते प्रश्न फारच साधे होते. मला वाटलं, आता आल्याबद्दल विचारतील, हिंगाबद्दल विचारतील, मी सगळं सांगायला तयार होतो.

"आजोबा, पाणी किती पिता?"

"बेताचंच."

"बेताचंच का? एवढ्या उन्हाळ्यात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जावं असं त्यांना वाटत असणार, पण मला ते सुचलं नाही. शेवटी ते छताकडे बघत म्हणाले, "पाणी प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं ना."

"रिकामं नसतं."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. मग काकांनी सगळं सांगितलं, थांबत थांबत, जणू दुसऱ्या कुणाची तक्रार करतायत. घरात संडास एक. सकाळी मिलिंदला ऑफिस, रश्मीला ऑफिस, ईशाला कॉलेज. तिघंही धावपळीत. काकांना पहाटे जाग यायची, तेव्हाच वेळही यायची. पण आपण आत बसलो आणि बाहेर मुलाची गाडी चुकली तर? आपल्याला काय, घरीच तर असतो. म्हणून ते बाल्कनीत पेपर धरून बसायचे. सगळे बाहेर पडले की आत जायचे. तोवर वेळ निघून गेलेली असायची. असं बायको गेल्यापासून, म्हणजे या मुलाकडे राहायला आल्यापासून चाललं होतं.

"मुलाला सांगितलंत का?"

"काय सांगू? म्हातारा संडास अडवतोय असं व्हायला नको."

बाईंनी लिहिलेला कागद बाजूला सारला. मग नर्सला हाक मारली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा. आणि ताक चालू ठेवा, ताक चांगलंच आहे. पण रोज आलेली वेळ माणूस परतवून लावत असेल तर ताक तरी काय करणार? हे कुठे अडकलंय ते त्यांना कुणी विचारलंच नाही."

मी बाहेर बाकावर बसलो. समोर भिंतीवर आतड्यांचं रंगीत चित्र होतं. एवढी लांबलचक भानगड बघून मला वाटलं, आपण इतके महिने हिच्यात फक्त वरून जिरं टाकत होतो.

एनिमा वगैरे होऊन काका बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर असा भाव होता की पाच-दहा वर्षं उतरली असावीत. रिक्षात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"सावंत, मिलिंदला काही कळता कामा नये. ऊन लागलं म्हणून सांगू."

मी कबूल झालो. पण घरी येऊन शैलाला सांगितलं, कारण तिला न सांगता माझ्याच पोटात काही राहत नाही. तिने रवी धुऊन ठेवली. मग म्हणाली, "आपला मागचा संडास आहे की. अंगणातून वेगळं दार आहे. आपल्याला उठवायलाही नको."

दुसऱ्या दिवशी मी काकांना तसं सुचवलं. ते लाजेने इतके लाल झाले की मलाच माफी मागावीशी वाटली. "छे छे, काहीतरीच. लोकाच्या घरी?" म्हणाले आणि ताक न घेताच गेले. मला वाटलं, गिऱ्हाईकही गेलं आणि माणूसही.

चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटे अंगणाच्या फाटकाची कडी वाजली. खिडकीतून पाहिलं तर काका. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी केलेला पेपर, बगलेत छत्री. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. छत्री बहुधा सोसायटीच्या वॉचमनला दाखवण्यासाठी होती, की आपण लांब फिरायला चाललोय. ते आत गेले. मी आणि शैला स्वयंपाकघरात अगदी गप्प उभे. भांड्याचा आवाज नाही, गॅस नाही. आयुष्यात कुणाच्या परीक्षेच्या निकालाची मी एवढी वाट पाहिली नव्हती.

बऱ्याच वेळाने पाण्याचा आवाज आला. काका बाहेर आले, हात धुतले, आणि दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. शैलाने ताकाचा ग्लास नेऊन दिला. ते घोट घेऊन म्हणाले, "वहिनी, फरक वाटतोय." या वेळी 'थोडा' नव्हता.

मग ते रोजच येऊ लागले. महिनाभरात त्यांच्या गालांवर जरा मांस आलं. पाणी पिऊ लागले, पपई खाऊ लागले, ताक पिऊन पायरीवर तास तास बसू लागले. टेलिफोन खात्यातल्या गोष्टी सांगायचे. पूर्वी ट्रंक कॉल जोडताना ऑपरेटरला कुणाकुणाची भांडणं ऐकू यायची, हे त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखं होतं. ज्या माणसाला मी केस समजत होतो तो गप्पिष्ट निघाला.

एकच अडचण झाली. संडास आमच्याकडेही एकच, आणि जी त्यांची सकाळची वेळ, तीच माझी. पाहुण्याला आधी, म्हणून मी थांबायचो. ते बाहेर आले की दूधवाला यायचा, मग गिऱ्हाइकं. जायचं राहून जायचं. जूनच्या शेवटी मी जेवताना तिसरा ग्लास ताक मागितला तेव्हा शैलाने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमचंही अडलं का?"

"थोडंसं."

ती हसत हसत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. लोकांना ताक पाजणाऱ्या माणसाची डोंबिवलीतली एकुलती एक जाहिरात म्हणजे तो स्वतः, आणि ती जाहिरात आता पोट धरून फिरत होती. गिऱ्हाइकाने "काका, तुम्हाला कधी त्रास नाही ना?" असं विचारलं की मी जिऱ्याची पूड शोधायला खाली वाकायचो.

मग एका संध्याकाळी रश्मी आली. ऑफिसातून थेट, खांद्याला पर्स, चेहऱ्यावर ताण. दुकानात दोघंजण होते, ते जाईपर्यंत ती बाजूला उभी राहिली. पनीरचा भाव विचारला नाही.

"काका, आमचे बाबा रोज सकाळी तुमच्याकडे येतात?"

"येतात की. ताक घ्यायला."

"ताक घ्यायला की दुसऱ्या कशाला?" तिने पर्स खांद्यावरून काढली. "बिल्डिंगमधल्या एका बाईने मला लिफ्टमध्ये विचारलं, तुमच्याकडे पाण्याचा प्रॉब्लेम आहे का, तुमचे सासरे शेजारी जातात. चार लोकांसमोर. काका, मी त्यांना कधी काही कमी केलंय का? मग त्यांनी असं लोकांच्या दारात का जायचं? आणि तुम्ही तरी मला सांगायचं होतं."

मी जिऱ्याच्या पुडीचा डबा सरळ करून ठेवला. एरवी मी न विचारता बोलतो. शैला पडदा सारून बाहेर आली, तिने रश्मीला हाताला धरून आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि जे होतं ते सांगून टाकलं. पहाट, बाल्कनी, पेपर, दवाखाना. मी काउंटरवरून ऐकत होतो. काकांना दिलेला शब्द मोडतोय हे कळत होतं, पण शब्द शैलाने कुठे दिला होता.

रश्मी ऐकून रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. हातातल्या पर्सचा बंद तिने बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "काकू, मी तर ऑफिसला पोचेपर्यंत थांबते."

"म्हणजे?"

"सकाळी डबे, पाणी, ईशाचं आवरणं. मला वाटतं, आधी यांना जाऊ दे, ईशाला जाऊ दे. बाबांनाही लागेल म्हणून मी जातच नाही. ऑफिसात गेल्यावर बघू म्हणते. तिकडे बायकांचं एकच आहे, बाहेर लाइन. मग राहतं ते राहतंच. दोन-तीन वर्षं झाली. गोळ्या घेते."

"अगं, म्हणजे ते तुझ्यासाठी थांबतात आणि तू त्यांच्यासाठी?"

"मग रिकामं कुणासाठी असतं?" रश्मीने विचारलं, आणि मग त्या दोघी हसायला लागल्या. मी बाहेर उगाचच काउंटर पुसत होतो. जाताना तिने ताकाची बाटली घेतली आणि शैलाने तिला तेच सांगितलं जे डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, की आलेली वेळ परतवायची नाही. वर म्हणाली, "गोळ्यांचं डॉक्टरना एकदा विचार. आमच्या ह्यांना विचारू नकोस."

रविवारी त्यांच्या घरात बैठक झाली. काय झालं ते टिपणीसकाकांनीच मला पायरीवर बसून सांगितलं. आधी ते माझ्यावर रागावले होते, पण गोष्ट इतकी रंगली होती की सांगण्याच्या नादात राग विसरले.

"सावंत, ईशासुद्धा थांबायची. तिला वाटायचं, आजोबांना त्रास नको. चौघांच्या घरात तिघं एकमेकांसाठी अडून बसलेले."

"आणि मिलिंद?"

काकांनी ताकाचा घोट घेतला. "तो आत असायचा."

"एवढा वेळ?"

"मोबाइल घेऊन. रश्मी चिडली तेव्हा तो म्हणाला, अख्ख्या घरात तेवढी एकच जागा आहे जिथे मला कुणी काही विचारत नाही. ऑफिसात साहेब विचारतात, घरी हप्ते विचारतात, तिथे दार लावलं की शांत वाटतं." काकांनी ग्लास खाली ठेवला. "मी बाल्कनीत बसून त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो हो. मला काय माहीत, तो आत नुसता बसलाय."

मिलिंदला काकांनी बाल्कनी देऊ केली. पहाटे तिथे त्याने बसावं, कुणी त्याला काही विचारणार नाही, असं ठरलं. मोबाइल आत न्यायचा नाही, आणि पहिला नंबर वडिलांचा. "म्हटलं, माझं आटपलं की मीच दार वाजवीन," काका म्हणाले. मग उठता उठता त्यांनी छत्री उचलली. "तेव्हा सावंत, उद्यापासून त्रास नाही देणार तुम्हाला. वहिनींना सांगा, फार उपकार झाले."

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. एक घर मार्गी लागलं होतं आणि माझा संडास मला परत मिळाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ऐटीत आत गेलो. कडी लावली. बाहेर कुणी खाकरत नव्हतं, कुणी थांबलेलं नव्हतं, सगळा वेळ माझा. आणि काही होईना. कान सारखे फाटकाकडे. शैला घुसळायला बसली होती, रवीचा आवाज येत होता, दूधवाल्याची सायकल आली आणि गेली. मी बसलो होतो तसाच.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. मग शैला कुणाशी तरी बोलत असल्याचं ऐकू आलं, आणि मग तिने दारावर टकटक केली.

"झालं का तुमचं? बाहेर टिपणीस आलेत."

मी आतूनच म्हटलं, "का? घरी परत अडलं का काय?"

"नाही हो," बाहेरून काकांचाच आवाज आला, चांगला मोकळा. "घरी झालं व्यवस्थित. मिलिंद बाल्कनीत बसलाय, त्याला एकटं सोडलं. म्हटलं, आपण कुठे बसायचं? तुमची सवय झालीय. तुमचं चालू दे, मी थांबतो पायरीवर."

मी घाईघाईने नाडी बांधली, काम अर्धवट तसंच सोडलं, हात धुतले आणि बाहेर आलो. शैलाने दोन ग्लास भरून पायरीवर ठेवले होते.